जगनचं लिनक्स

जव्हारच्या जगनने घरच्या कॉम्प्युटरमधून विंडोज हाकलून लिनक्स बसवलं आणि इतका मिरवला की एसटी डेपोतल्या कुत्र्यांनाही लिनक्सचे फायदे पाठ झाले.

बहीण रोशनी मात्र रडवेली झाली. मराठी टायपिंगची परीक्षा पास झाली तर कारकुनाची नोकरी, नाहीतर साखरशेतचं स्थळ बापाने धरूनच ठेवलेलं.

"दादा, ह्यात अक्षरांच्या जागाच वेगळ्या. क्लासात शिकले ते चालत नाही!"

"क्लासवाल्याला काय कळतं? हा कीबोर्ड शास्त्रशुद्ध आहे. जुनं विसर, हे शिक."

पोरगी जिद्दीची. पावसाळाभर बडवत बसली, जुनं खरंच विसरली आणि कीबोर्डवर बसलेली माशी उडायच्या आत तिची ओळ संपायला लागली.

परीक्षेच्या कॉम्प्युटरवर विंडोज होतं आणि अक्षरं क्लासातल्याच जागी. रोशनीची बोटं सपासप पळाली. पडद्यावर एक शब्द धड उमटला नाही.

मांडवात तिच्या अंगाला हळद लागत होती, तेव्हा जगन हळूच कानाशी वाकला.



"बघितलंस ना? तुला तेव्हाच सांगत होतो, विंडोज भंगार आहे."