आकाशावर बहिष्कार

“बाबांच्या ढगांची थट्टा करू नकोस, ते मनाला लावून घेतात,” असं सासूबाईंनी बजावलं होतं. सुनेने ते हसण्यावारी नेलं आणि गच्चीवर माना वर करून ढगांचे आकार वहीत उतरवणाऱ्या बाबांसह सात म्हाताऱ्यांचा व्हिडिओ मोबाइलवर टाकला. दोन दिवसांत तो गावभर झाला. भाजीवालाही बाबांना विचारू लागला, “काय काका, आज वर काय शिजतंय?”

या सातजणांच्या ढगप्रेमी मंडळाने तातडीची सभा घेऊन आकाशावर बहिष्कार टाकला. सातही जण गच्चीवर उघड्या छत्र्यांखाली तोंड पाडून बसू लागले. बाबांचं जेवण अर्ध्यावर आलं. तशी सून आपल्या बाळाला कडेवर घेऊन वर गेली.

“बाबा, चुकलं माझं. पण तुमच्या डोक्यावर हत्ती आलाय.”

बाबांची छत्री जराशी हलली. मग छत्रीखालून आवाज आला, “सोंड कुठल्या बाजूला?”

“मला काय कळतंय त्यातलं? तुम्हीच बघा.”

भराभर सातही छत्र्या मिटल्या. आकाशात ढगाचा ठिपकासुद्धा नव्हता.

“गेला वाटतं,” ती हळूच म्हणाली.

“हत्ती इतक्यात जात नसतो, सूनबाई,” म्हणत बाबा टाचा उंचावून शोधू लागले.

तुमच्याही गच्चीवर कुणी तोंड पाडून बसलं असेल, तर एकदा वर जाऊन बघून या. हत्ती नसला तरी चालतो.