गाडीकडे पाठ करून

धुळ्यात देवपूरच्या गल्लीत, जुन्या गाड्या विकणाऱ्या रतिलालशेठच्या दारात ती पांढरी छोटी गाडी उभी होती आणि मिसबाह तिच्याखाली निम्मी शिरली होती. जळगावहून निघतानाच तिनं ठरवलं होतं, आज अब्बांना वाकूसुद्धा द्यायचं नाही.

दहावीतली पोरगी, पण बोटं सरावलेली. दारांचं रबर ओढून वेल्डिंगच्या खुणा शोधल्या, डिकीची चटई उचलून गंज पाहिला, ऑइलची पट्टी पुसून परत बुडवली. जे सापडेल ते अब्बांसमोर येऊन, हातवारे करत सांगायची. अब्बा, म्हणजे मेकॅनिक नासीरभाई, तिच्या तोंडाकडे टक लावून बघायचे नि मान डोलवायचे.

अम्मी गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून अब्बा जवळजवळ मुकेच झाले होते. गॅरेजचा फोनही मिसबाहनंच घ्यायचा, गिऱ्हाइकाशी तिनंच बोलायचं. माझ्यावर एवढा भरवसा, म्हणून ती फुलून जायची.

गाडी घेणार होत्या पहूरच्या मोहिनीताई. नवऱ्याला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी जळगावला न्यावं लागे. मागची जुनी गाडी वाटेत बंद पडली आणि ते दोन तास रस्त्याच्या कडेला धापा टाकत पडून होते.

"नासीरभाऊ, रंगरूप कसंही असू दे," ताई म्हणाल्या. "वाटेत दगा देणार नाही, एवढंच सांगा. पुन्हा तसं झालं तर ते राहायचे नाहीत."

अब्बांनी मिसबाहकडे पाहिलं.

"तेच सांगायला आलोय ना ताई," ती म्हणाली.

रतिलालशेठ ताईंना कागद दाखवायला आत घेऊन गेले. आता उरली अब्बांची शेवटची तपासणी. ती जळगाव-धुळ्यात सगळ्यांना ठाऊक होती. दहा पावलं लांब जायचं, गाडीकडे पाठ करायची, डोळे मिटायचे आणि इंजिन ऐकायचं. पॉलिश बघून माणूस फसतो, असं ते म्हणत. त्यांच्या कानानं पास केलेली गाडी आजवर परत आली नव्हती.

अब्बांनी पाठ फिरवून हात वर केला. मिसबाह स्टिअरिंगमागे बसली. खिडकीतून तिनं त्यांना काहीतरी विचारलं, दोनदा विचारलं. ते हलले नाहीत. एकदा असे उभे राहिले की अब्बांना जगाचं भान नसतं, हे तिला माहीत होतं. ती तशीच वाट बघत बसली.

एक मिनिट गेलं. दोन गेली. मोहिनीताई पदर मुठीत आवळून बाहेर आल्या. अब्बांनी डोळे उघडले, वळले आणि कितीतरी महिन्यांनी हसले.

"इंजिन एकसारखं आहे. कुठं खडखड नाही," ते म्हणाले. "ताई, बिनघोर घ्या."

ताईंनी हात जोडले. त्यांना रडूच फुटलं.

मिसबाह जागची हलली नाही. तेवढ्यात आतून रतिलालशेठ लगबगीनं आले.

"माफ करा हां, कपाटात मागे पडली होती. ही घे बेटा चावी. आता चालू कर गाडी."