उष्टी नळी

"तुझी ती उष्टी नळी डबीसकट उकळून काढली. लाळेत नुसती लडबडली होती," मी केतकीला ठसक्यात सांगितलं. माझ्या घरात उष्टं चालत नाही, लेकीचंही नाही.

अपघातानंतर तिचं मानेखाली काही हलत नाही. त्या नळीत फुंकलं की डबीतल्या यंत्रामुळे व्हिडिओ गेममधली तिची बाई पळायची, हवा ओढली की उडी मारायची. आज तिच्या संघाची फायनलची शर्यत होती.

तिने फुंकलं. बाई जागची हलेना. उकळत्या पाण्याने डबीतलं यंत्रच बंद पडलं होतं.

"केतकीताई, पळा की," पडद्यातून सोबतिणी ओरडत होत्या.

"आई, ते माझे पाय होते गं," एवढंच ती म्हणाली.

जन्मात कुणाचं उष्टं तोंडाला न लावलेली मी, तीच नळी ओठांत धरून शर्यत संपेपर्यंत फुंकत बसले.