शेवटचा रकाना

समाजशास्त्र शिकणाऱ्या त्या पोरीचं हे पहिलंच सर्वेक्षण, आणि प्रश्न घरातल्या मारहाणीबद्दलचे. बेल वाजवण्याआधी तिने हातातला फॉर्म पुन्हा एकदा चाळला. "घरात दुसरं कोणी असेल तर विचारूच नकोस, खरं उत्तर मिळत नाही," असं कॉलेजच्या बाईंनी बजावलं होतं. म्हणून तिने आधी तेच विचारलं.

"छे गं, एकटीच आहे मी. हे कामावर गेलेत," दार उघडणारी ताई जरा मोठ्यानेच म्हणाली.

"तुमच्यावर घरात कोणी हात उगारतं का, ताई?"

"हात? अगं, तळहातावरच्या फोडासारखं जपतात मला!"

पुढच्या सगळ्या प्रश्नांनाही ठणकावून 'नाही'. पोरीचा जीव भांड्यात पडला. तिने सहीसाठी फॉर्म आणि पेन पुढे केलं. ताईने पाठ वळवून, भिंतीवर कागद टेकवून सही केली आणि घडी घालून तो परत दिला.

बसथांब्यावर पोरीने घडी उलगडली. एकच रकाना उरला होता, तिने स्वतः भरायचा: 'मुलाखतीच्या वेळी घरात आणखी कोणी होतं का?'



'हो'समोर आधीच खूण होती. कागद फाटेपर्यंत दाबून केलेली.