नव्या रॅमची पूजा

कीर्तनांचं रेकॉर्डिंग साठवलेला लॅपटॉप अडकत होता, म्हणून लक्ष्मणरावांनी तुमसरहून नवी रॅम आणली. जावयाने ती बसवली, पण लॅपटॉप सुरूच होईना. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप घेऊन ते दुकानात गेले आणि भर गिऱ्हाइकांत दुकानदार प्रीतमवर कडाडले, "काहून बे, कीर्तन ऐकनाऱ्या मानसाले खराब माल देऊन राहिला?"

प्रीतमने रॅमची पट्टी काढून पाहिली. सोनेरी दातांवर हळदकुंकू होतं. घरात नवी वस्तू आली की लक्ष्मणराव आधी तिची पूजा करत. गिऱ्हाइकांना दिसायच्या आत प्रीतमने ते खोडरबराने पुसलं, तीच पट्टी परत बसवली, आणि लॅपटॉप सुरू झाला.

"काका, पट्टी खराबच होती," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बदलून देली."

लक्ष्मणरावांनी काउंटरवरचं हळदीने पिवळं झालेलं खोडरबर हळूच उचललं आणि खिशात टाकलं.