नंबर तीनचे चौकोन

"आलेला चौकोन उलटा करून बघायचा नाही हं," दुकानवाल्या काकूंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "एकमेकींचे टाके मोजत बसलं की मजा जाते."

ती हसली. पहिला चौकोन हातात येताच तिने पहिलं काम केलं ते तेच.

काकूंच्या कापडाच्या दुकानातला हा गोधडीचा खेळ पाच महिन्यांचा होता. दर महिन्याला एक चिठ्ठी आणि सगळ्यांना सारखंच कापड. शेवटची चिठ्ठी येईपर्यंत गोधडी कशी होणार, कुणालाच ठाऊक नाही. शिवलेला चौकोन दुकानात द्यायचा, तो पुढच्या नंबराकडे जायचा. नावं नाहीत, फक्त नंबर. ती चार. तिच्याकडे यायचे ते तीनचे.

"तुझं मन रमेल," नवरा म्हणाला होता. पाच महिन्यांच्या लेकीपुढे मन नावाची वस्तू उरली कुठे होती? तरी तिने नाव घातलं. पाकिटं तोच आणायचा, तोच पोचवायचा.

कागदावर कापड दुमडायचं, टाके घालायचे, मग कागद काढून टाकायचा, अशी रीत. तीनने कागद आतच ठेवला होता. नवशिकी दिसते, तिला वाटलं. कागदावर पेन्सिलीची एक ओळ होती, सुरुवात कातरीत गेलेली.

"... मंगळवारी रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

लेकीच्या दुधाझोपेच्या नोंदींची तिची वही होती. तिने सहज पान उलटलं. मंगळवारी लेक रात्रभर जागी होती.

योगायोग. तिने वही मिटली.

पुढच्या महिन्याच्या चौकोनात होतं, "... गालावर ओरखडा." लेकीने आपल्याच नखांनी गाल ओरबाडून घेतला होता, त्याला आठवडा झाला होता. नखं कापताना आईच्या गालावरही एक रेघ उमटली होती, पण तिच्याकडे बघायला वेळ कुणाला?

"अगं, सगळीच बाळं ओरबाडतात," नवरा म्हणाला. "तू ना, पराचा कावळा करतेस."

"आणि सगळी मंगळवारीच जागतात?"

"झोप जरा."

तिसऱ्या चौकोनात होतं, "... सकाळपासून पोटात काही नाही." वहीत तसा दिवस होता. लेकीने दूध तोंडाला लावू दिलं नव्हतं, आणि तिला भरवण्याच्या नादात टेबलावरचं झाकलेलं ताट संध्याकाळपर्यंत झाकलेलंच राहिलं होतं.

त्या दिवसापासून पडदे बंद झाले. बेल वाजली की लेक दचकते, असं सांगून तिने बेलची वायरही काढून टाकली.

चौथ्या कागदावर होतं, "... बाल्कनीत कठड्याशी, बराच वेळ."

लेकीला खांद्यावर घेऊन ती खरंच उभी राहिली होती. किती वेळ, ते तिलाही सांगता आलं नसतं. समोरच्या इमारतीतून कुणी बघत असेल? पण ओरखडा समोरून दिसत नाही. रिकामं पोट तर मुळीच नाही. हे घरातून बाहेर जात होतं.

घरात तिसरं माणूस एकच होतं. बाळासाठी मदतीला आलेल्या सासूबाई. बोलायला कमी, आणि लिहायचा तर कंटाळाच. सामानाची यादीसुद्धा फोनवर बोलून पाठवायच्या. रोज चार वाजता बाबागाडी घेऊन बागेत जायच्या. परवाच लेकीच्या टोपीवर निळा दोरा सापडला होता. आपल्याच शिवणातला असेल, म्हणून तिने तो झटकून टाकला होता.

"आई, बागेत कुणाशी बोलता तुम्ही?"

"कुणाशी बोलणार? बसते घटकाभर, येते."

"लेकीबद्दल काही सांगता का कुणाला?"

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. "तिच्याबद्दल सांगण्यासारखं काय आहे? गुटगुटीत आहे, हसती आहे." मग म्हणाल्या, "तू जेवलीस का?"

विषय कसा बदलला बघा, तिच्या मनात आलं.

त्या रात्री ती नवऱ्याला म्हणाली, "एक तर त्या, नाहीतर मी." तो वैतागला, पण दोन दिवसांनी आईला धाकट्या भावाकडे पोचवून आला. निघताना सासूबाईंनी लेकीची पापी घेतली, आणि मग सुनेचा हात धरून नुसत्याच उभ्या राहिल्या. तिने हात सोडवून घेतला.

दुसऱ्या दिवशी नवरा शेवटचं पाकीट देऊन दोन दिवसांसाठी कामानिमित्त बाहेरगावी गेला. तिने दाराला आतून दोन्ही कड्या लावल्या. आता कुणी बघणार नव्हतं.

लेक झोपली. तिने पाकीट फोडलं. चिठ्ठीत होतं, "चौकोन एकाखाली एक ठेवा, कडेला उभी पट्टी, तळाला आडवी." पट्ट्या तीननेच शिवून पाठवल्या होत्या. त्यांतही कागद होते. आधीच्या कागदांचे उरलेले काप वाया कशाला घालवायचे, असा हिशेबी हात होता तो.

तिने चारही चौकोन जमिनीवर पालथे मांडले, कडेला पट्टी सरकवली. कातरलेल्या कडा एकमेकींना जुळल्या. ओळींची तुटलेली सुरुवात आता समोर होती. चारही ओळींची एकच.

"सूनबाई मंगळवारी रात्रभर डोळ्याला डोळा नाही."

"सूनबाई गालावर ओरखडा."

"सूनबाई सकाळपासून पोटात काही नाही."

"सूनबाई बाल्कनीत कठड्याशी, बराच वेळ."

तळाच्या पट्टीतला कागद अख्खा होता. पेन्सिल दाबून लिहिलेला.

"नंबर चार ताई, तुम्ही कोण ते मला माहीत नाही. मुलगा ऐकत नाही आणि मला उद्या इथून पाठवतायत. बाळ छान आहे, त्याची चिंता नाही. पण दुकानामागची पिवळी इमारत, तिसरा मजला, हिरवं दार, तिथे एकदा जाऊन आमच्या सुनेला बघून या. बेल तिने बंद केली आहे. दार वाजवा, ती उघडेपर्यंत वाजवत राहा."