तोंड वर करून

“तोंड वर करून बोल!” सर गरजले, आणि पाहणीसाठी शेवटच्या बाकावर बसलेल्या मुख्याध्यापिका बाईंच्या कपाळाला आठी पडली.

उभी राहिलेली मुलगी फुटबॉल संघाची कप्तान होती. दोन घट्ट वेण्या, खरचटलेले गुडघे. तिने हनुवटी उचलली, सरांच्या नजरेला नजर भिडवली आणि नदी समुद्राला मिळताना गाळ का टाकते ते खणखणीत आवाजात सांगितलं. साफ चुकीचं सांगितलं, पण खणखणीत.

“चुकलीस,” सर हसून म्हणाले. “पण बोललीस छान. चल, पुढचा!”

बाई या शाळेत नव्या होत्या. त्यांच्या लहानपणी ‘तोंड वर करून बोलतेस?’ एवढं कानावर आलं की पाठोपाठ चापट ठरलेली. इथे उलटी गंगा. तोंड वर केलं नाही म्हणून ओरडा बसत होता. संस्थेच्या अध्यक्षांची तक्रारही नेमकी हीच होती. त्यांचा नातू सरांच्याच वर्गात. परवा ते ताटात बघत त्याला रागावत होते, तर पोरगं म्हणालं, “आजोबा, तोंड वर करून बोला ना.” झालं! अध्यक्षांच्या घशात घासच अडकला. सरांचं निवृत्तीचं वय उलटून गेलेलं, त्यांना दरवर्षी मुदतवाढ द्यायची की नाही हे संस्थेच्या हातात. “मुलं शेफारलीत,” अध्यक्षांनी बाईंना बजावलं होतं. “तुम्ही स्वतः बघा आणि ह्यांना ठेवायचं की नाही ते मला आज संध्याकाळी सांगा.”

सरांबद्दल गावाला दोन गोष्टी पक्क्या ठाऊक होत्या. एक, सर सैन्यातून आले, तेही तोफखान्यातून. दुसरी, सरांचे कान भारी तिखट. वर्गात कुणी ओठातल्या ओठात पुटपुटलं तरी सर फळ्यापासून उत्तर द्यायचे. मैदानाच्या पार त्या टोकाला पंचाला हासडलेली शिवीसुद्धा त्यांच्यापासून लपत नसे.

घंटा झाली. सर बोलतच राहिले. कप्तानने समोरचं पुस्तक फटकन मिटलं आणि ते सरांना दिसेल असं बाकाच्या कडेला ठेवलं. सरांनी खडू खाली ठेवला. बाई चाटच पडल्या. तास कधी संपवायचा हे आता मुली ठरवणार?

खरं सांगायचं तर बाईंना राग कमी आणि कुतूहल जास्त होतं. शाळा सुटल्यावर त्या तडक मैदानावर गेल्या. सराव रंगात आला होता. सरांच्या गळ्यात शिट्टी नव्हती. खेळ थांबवायचा असला की ते पांढरा रुमाल उंच धरत, आणि मुली जागच्या जागी उभ्या राहत. गंमत म्हणजे मुलींनाही काही सांगायचं असलं की त्या आधी हात वर करत आणि सरांनी बघेपर्यंत थांबत. एरवी त्या वयात थांबतंय कोण!

“सर, तुम्ही शिट्टी का नाही वापरत?” बाईंनी त्यांच्यामागे उभं राहून विचारलं.

सर खेळाकडेच बघत राहिले.

“सर, पुढच्या वर्षी शाळेत राहायचंय ना तुम्हाला?”

सरांनी मानसुद्धा वळवली नाही. बाईंचा पारा चढला. आपण पोटापाण्याचं विचारतोय, आणि हा गृहस्थ ढिम्म!

तेवढ्यात कप्तान चेंडू सोडून धावत आली, सरांच्या बरोबर समोर उभी राहिली आणि हनुवटी उचलून म्हणाली, “सर, मागे बाई आल्यात.”

सर चटकन वळले. “माफ करा बाई, लक्ष खेळात होतं. बोला ना. जरा अशा उजेडाकडे तोंड करा.”

बाईंनी उजेडाकडे तोंड केलं आणि पुढच्या वर्षीचं पुन्हा विचारलं. आणि विचारता विचारता त्यांना दिसलं. सर त्यांच्या डोळ्यांकडे बघत नव्हते. ओठांकडे बघत होते.

“शाळा सुटली तर करू काय मी?” सर म्हणाले. “घरी नुसत्या भिंती. भिंतींना कान असतात म्हणे, पण तोंड नसतं हो.”

स्वतःच्या विनोदावर ते मोठ्याने हसले. बाईंना सगळं उलगडलं. ते तिखट कान तोफेने कधीच नेले होते. अध्यक्षांना हे कळलं तर मुदतवाढ राहिली बाजूला, सरांना उद्याचा तासही मिळणार नव्हता. आणि बाई खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या.

त्यांनी कप्तानला खूण करून गोलच्या खांबापाशी नेलं आणि सरांकडे पाठ करून विचारलं, “सरांना ऐकू येत नाही. तुला माहीत आहे?”

मुलीने मान खाली घातली. इतकी खाली की वेण्या पुढे आल्या.

“अगं, तोंड वर करून बोल!” बाईंच्या तोंडून निघून गेलं.

“आत्ता नको, बाई,” ती आपल्या बुटांकडे बघत पुटपुटली. “सर इकडेच बघतायत. आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, हे त्यांना कळेल.”

बाईंनी वळून पाहिलं. सर खरंच बघत होते, हातात रुमाल, चेहऱ्यावर काळजी. बाईंनीही मान खाली घातली.

“अध्यक्षांना ‘ठेवा’ म्हणून सांगते,” त्या आपल्या चपलांना म्हणाल्या. “आणि मलाही काही माहीत नाही.”